एकापाशी थांब

बाळा,

मंगळवारी रात्री तू पाठवलेला मेसेज मी सकाळी वाचला. ‘मावशी, सगळे फोटो आधीच कुणीतरी काढून ठेवलेत. मी आता काय काढू?’ त्या आधीच्या रविवारी तू तुझा फोन दाखवलास, तेव्हाच हे येणार असं वाटलं होतं. सेव्ह केलेले दोन हजारांवर फोटो. कुठलं तरी धुकं, कुठला तरी पाऊस, काशीचे घाट, मध्येच पालखीतल्या एका आजोबांच्या सुरकुत्या. मी विचारलं, हा कुणाचा? तुला सांगता आलं नाही. मग हा? तोही नाही. एकाही फोटोखालचं नाव तू वाचलं नव्हतंस.

म्हणून आधी भांडणच करते. तू ते फोटो बघितलेलेच नाहीस, ते फक्त तुझ्या अंगठ्याखालून गेलेत. दोन हजार माणसांचा एकेक फोटो पाहिला की छाती दडपणारच. हे बघणं आहे, असं तुला कुणी सांगितलं?

एकापाशी थांब. एक फोटोग्राफर घे, त्याचं किंवा तिचं पहिल्यापासून आजपर्यंतचं सगळं काम क्रमाने बघ, आणि महिनाभर दुसरं नाव काढू नकोस.

तू नावांची यादी मागितली होतीस. मी दिली नाही, तेव्हा तुझं तोंड उतरलं. अजूनही देणार नाही. यादी दिली तर तू तीही अंगठ्याखालून घालवशील. सुरुवातीला एकच नाव घे, गौरी गिल. १९९९ साली त्या राजस्थानातल्या वाळवंटी गावांमध्ये फोटो काढायला लागल्या आणि वीस वर्षांहून जास्त काळ तिथे जात राहिल्या. त्या मालिकेला २०२३ मध्ये प्री पिक्टे हा फोटोग्राफीतला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं राहू दे, तू तारखा बघ. तू मागच्या महिन्यात भिगवणला एक सकाळ गेलास आणि ‘रोहित पक्षी झाले’ म्हणालास. झाले म्हणजे काय रे?

मग त्यांचं जव्हारचं काम उघड, २०१५ पासूनचं. तिथले कोकणा आणि वारली कारागीर बोहाड्यासाठी, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवासाठी, कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात. गिल यांनी त्यांना देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितलं, माणसांचे, जनावरांचे, वस्तूंचे. ते घालून गावातली माणसं आपापल्या रोजच्या जागी रोजच्यासारखी बसली-उभी राहिली. यातला एक फोटो सुटा दिसला तर तू ‘भारी’ म्हणून पुढे जाशील. वीस-पंचवीस सलग बघ. मग मुखवट्यावरून नजर खाली सरकते, आतल्या माणसाची मान कशी कललीय, हात मांडीवर कसा टेकलाय, ते दिसायला लागतं. जव्हार आपल्याच राज्यात आहे. मग सगळे फोटो काढून झालेत असं कसं म्हणतोस?

आणखी एक गोष्ट सांगते. १९८९ मध्ये दयानिता सिंग दिल्लीत लंडनच्या एका वर्तमानपत्रासाठी तृतीयपंथीयांचे फोटो काढत होत्या. तिथे मोना अहमद भेटल्या, फोटो काढून झाले. हे लंडनला छापून येणार हे कळल्यावर मोनांनी रोल परत मागितले, कारण तिकडे त्यांचे नातेवाईक होते. सिंग यांनी रोल देऊन टाकले. ते काम गेलं, पण मैत्री जुळली, वर्षानुवर्षं फोटो होत राहिले आणि २००१ साली त्या फोटोंचं पुस्तक आलं. पुढे २०२२ मध्ये सिंग यांना हॅसलब्लाड हा फोटोग्राफीतला मोठा पुरस्कार मिळाला. त्यांचे आजचे फोटो बघताना मला ते परत दिलेले रोल आठवतात.

त्याच १९८९ मध्ये मी काय करत होते? दर गुरुवारी सकाळी कॅमेऱ्यात ‘इंदू’ या देशी ब्रँडची फिल्म भरून मंडईत जायचे. तिथे लसूण विकणाऱ्या एक बाई होत्या. सुपात लसूण पाखडायच्या, सालं वर उडायची आणि छतावरून येणाऱ्या उजेडात क्षणभर तरंगायची. मी त्यांचे सहा वर्षं फोटो काढले. रात्री न्हाणीघरात रोल धुवायचे, कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या चौकटी छोट्या आकारात एकाच कागदावर, काढायचे आणि लाल पेन्सिलीने एका चौकटीवर खूण करायचे. फक्त एका. कारण स्पर्धेला एकच लागायचा. एका परीक्षकांनी सांगितलं, चेहरा नको, हात पुरेत. मी चेहरा कापला. पदक मिळालं.

१९९७ मध्ये घर बदलताना ‘न जमलेल्या’ निगेटिव्हचे दोन खोके मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकले. सहा वर्षांत त्या बाई म्हाताऱ्या होत गेल्या होत्या, ते सगळं त्या खोक्यांत होतं. मला ती मालिका होती हेच कळलं नव्हतं. अख्खं काम कसं दिसतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. फोटोग्राफीच्या वार्षिक अंकांत छापून आलेले सुटे फोटो बघून मीही सुटे फोटो काढत राहिले. तुला आज घरबसल्या अख्खं काम बघायला मिळतंय, आणि तू त्यातूनही सुटंच उचलतोस, याचा मला राग येतो.

आता मी नऊ वर्षं तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, जाते. नात्यातले विचारतात, अजून किती तांब्याचे हंडे काढणार? तूही एकदा हसला होतास. हौशी मंडळी तासभर येतात, उगारलेला हातोडा टिपतात आणि जातात. मीही पहिलं वर्ष तेच केलं. पुढे कधीतरी लक्षात आलं की दोन ठोक्यांच्या मध्ये कारागिराचा डावा हात भांडं किंचित फिरवतो. मठार, म्हणजे भांड्यावरची ठोक्यांची नक्षी, एकसारखी उठते ती त्यामुळे. हातोडा सगळ्यांना दिसतो. डावा हात दिसायला मला दीड वर्ष लागलं, आणि ती वर्षं वाया गेली असं मला कुणी सांगू नये.

त्यामुळे कॅमेरा कुठला घेऊ, हे या महिन्यात विचारू नकोस. फोटोग्राफरची साइट लॅपटॉपवर उघड, फोनवर नको. जुन्यापासून नव्याकडे ये. मजकूर वाच, गावाचं नाव वाच. फोटोग्राफर किती अंतरावर उभा आहे, ते वहीत लिही. कुठला फोटो फसलाय असं वाटतं, तेही लिही, फसलेले सापडले की भीती जाते. गिल नको असतील तर सोहराब हुरा घे. त्यांनी आजारी आईचे घरातच फोटो काढलेत. पण मग फक्त हुराच. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेली ‘पारी’ ही ग्रामीण भारतावरची वेबसाइट मराठीतही आहे, ती सवडीने वाच. मात्र तिथेही एका गावाच्या गोष्टीतून दुसरीत उडी मारू नकोस.

पुढच्या महिन्यात ये, वही घेऊन. मी तुला तो हातांचा प्रिंट दाखवीन, बारा बाय पंधराचा. डाव्या कडेला एका लहान मुलाचं कोपर आलंय. पदक मिळालं तेव्हा ते मला दिसलंही नव्हतं. त्या बाईंचा नातू होता की गिऱ्हाइकाचं पोर, मला आता कळायला मार्ग नाही. बाईंचं नावही मी कधी लिहून ठेवलं नाही.

तुझी,
मावशी