यादी करण्याआधी घरी जाऊन ये

प्रिय बेटा,
प्रभूमध्ये सलाम.

पाळकसाहेबांनी पुढच्या वर्षासाठी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचे रविवारचे बायबल वर्ग, आणि तरुण संघाच्या स्वयंसेवकांची जबाबदारी तुझ्यावर सोपवली, हे ऐकून फार आनंद झाला. नोव्हेंबरात एक दिवसाचं शिबिर घ्यायचं, तिथे कामं वाटायची आणि 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत सगळ्यांसाठी प्रार्थना करायची, हा तुझा बेत चांगलाच आहे. मात्र शिबिराआधी प्रत्येकाच्या घरी एकदा जाऊन ये.

आपलं चर्च मुंबईत, पण माणसं आता कल्याण, अंबरनाथ, विरारला राहतात. सकाळी गाडी मिळते. उपासना आटोपून निघावं तर मेगाब्लॉक लागलेला. त्यात आपण म्हणतो, "जरा थांबा, छोटीशी मीटिंग आहे." त्या 'जरा'मध्ये एखादीचा अख्खा रविवार जातो. हे तिच्या घरी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. घरात आजारी सासू आहे का, नवऱ्याची पाळी बदलली का, हे बघ. आणि स्पष्ट विचार, "पुढच्या वर्षी हे काम करायचंय का?" भर सभेत विचारलंस तर कोणी नाही म्हणणार नाही. मंडळीच्या कामाला नकार म्हणजे देवाला नकार, असं आपल्या लोकांना मनापासून वाटतं. घरी, चहा घेता घेता, ते खरं बोलतील. कोणी आता पुरे म्हणालं तर आभार मानून मोकळं कर. जे राहतील त्यांना एका वर्षापुरतंच काम दे आणि प्रत्येकाला एक जोडीदार दे.

बायबलमधला निर्गम 18 हा अध्याय तू शिबिरात घेशीलच. मोशेचा सासरा इथ्रो याने मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला सांगितलं, एवढंच आपण बहुधा शिकवतो. मला त्याआधीचं वचन जास्त मोलाचं वाटतं. मोशे लोकांसाठी काय काय करतो, ते इथ्रोने आधी स्वतः पाहिलं, मग तोंड उघडलं.

आता माझ्या काळजातली गोष्ट. आपली शब्बाथ शाळा उपासनेच्या वेळेलाच भरते. शिक्षिका मागच्या खोलीत मुलांना घेऊन बसतात. गीतांचे सूर तिथवर पोचतात, संदेश पोचत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी बोटांना डिंक चिकटलेला, ओढणी सावरत, शेवटच्या गीताला आत शिरणारी बाई तू पाहिली असशील. लेकरांना वचन शिकवणारी स्वतः महिनोन्महिने वचनाविना राहते, मग ती थकली की आपण म्हणतो, उत्साह कमी झाला. पाळकसाहेबांशी बोल. प्रभुभोजनाच्या रविवारी वर्ग नकोतच; मुलं आईवडिलांजवळ बसू देत आणि शिक्षक सुरुवातीपासून बाकावर.

मुलांच्या सुरक्षेत ढिलाई चालवून घेऊ नकोस. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, आणि मुलाला एकट्याला घेऊन कोणीही कुठे जायचं नाही, मग ते कितीही जुने, मानाचे असोत. एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीतल्या मंडळीत मिटवायची ही बाब नाही. शिबिरात हे सगळ्यांसमोर, साध्या शब्दांत सांग. दानार्पणाचे पैसे दोघांनी मिळून मोजायचे आणि त्याच दिवशी वहीत सह्या करायच्या, हेही सांगून टाक.

तारखा आत्ताच बघून ठेव. 2027मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात, 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. म्हणजे उपवासकाळ बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांतच येणार. दहावी-बारावीच्या मुलांना तेव्हा नाटकात किंवा गीतमंडळात ओढू नकोस. त्यांच्या आयांना संकोचाने सांगता येत नाही, तूच आधी सांग. मे महिन्यात निम्मी माणसं गावी जातात, म्हणून सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी शिक्षक फेब्रुवारीतच नक्की कर.

शिबिर दादरला कुठे जागा मिळाली तर बघ, दोन्ही लाइनींच्या लोकांना सोयीचं पडेल. आणि घरभेटींना एकटी जाऊ नकोस. कल्याण-अंबरनाथला मी येते तुझ्याबरोबर. शनिवारी दुपारनंतर मला जमेल. कोणाकडे आधी जायचं ते ठरवून फोन कर.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी