हरायला लागल्यावर गार्डिओलाने नेमकं काय बदललं?

अमळनेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या शाळेचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ काही वर्षं सलग जिल्ह्यात पहिला येत होता, यंदा तालुक्यातच बाद झाला. आता लहान पासचा खेळ सोडून सरळ लांब बॉल शिकवावा का? आणि गार्डिओलासारखा माणूस अशा वेळी काय करतो?

भाऊ, लांब बॉलकडे नंतर येतो. हा फुटबॉल प्रशिक्षक गार्डिओला इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबमध्ये दोनदा असा अडकला, आणि दोन्ही वेळी त्याचा उपाय वेगळा होता. तुमच्या कामाचं तेच आहे.

पहिली वेळ २०२० ची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सिटीला २०१७-१८ ला १०० गुण, पुढच्या मोसमात ९८, आणि २०१९-२० ला लिव्हरपूलच्या मागे १८ गुणांनी दुसरा. ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ल्योंकडून ३-१ हरून चॅम्पियन्स लीगमधून, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेतून, बाहेर. पुढच्या मोसमाच्या तयारीला धड वेळ मिळाला नाही. सप्टेंबरात लेस्टरने सिटीच्याच मैदानावर पाच गोल केले, त्यातले तीन पेनल्टीवर. एका सामन्यात तीन पेनल्टी जातात तेव्हा समजायचं की बचाव करणारे प्रत्येक वेळी उशिरा पोहोचतायत, कारण त्यांच्यासमोर मोकळं रान आहे. डिसेंबरात तर वेस्ट ब्रॉमविचशी घरी १-१, आणि तो संघ त्या मोसमात खालच्या डिव्हिजनला गेला.

त्याच्या पुढच्या सामन्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सिटीने सगळ्या स्पर्धा धरून सलग २१ सामने जिंकले. लीगही जिंकली.

त्याने पासचा खेळ सोडला नाही. बॉल आपल्याकडे असताना चाललेली उगाचची धावाधाव कमी केली. संघ गरजेपेक्षा जास्त धावतोय, असं तो स्वतःच म्हणाला होता. प्रत्येकाने आपली जागा धरायची आणि बॉल तिथे येऊ द्यायचा. दुसरं म्हणजे कॅन्सेलो हा खेळाडू. कागदावर बॅक, म्हणजे बाजूचा बचावपटू, पण बॉल सिटीकडे आला की तो बाजूची रेघ सोडून आत यायचा आणि मधोमध बॉल वाटणाऱ्या रोड्रीच्या शेजारी उभा राहायचा. मागे रुबेन डियास, स्टोन्स आणि दुसरा बॅक असे तिघं, त्यांच्यापुढे हे दोघं. बॉल गेला तरी मधोमध पाच जण आधीच उभे, म्हणजे समोरच्याला काउंटरला, झटपट उलट्या हल्ल्याला, वाटच नाही. मागची काळजी मिटल्यावर मधल्या फळीतला गुंडोगान पुढे जायला मोकळा झाला. गोल करणारा मुख्य खेळाडू अग्वेरो बहुतेक मोसम दुखापतीत असताना लीगमध्ये संघाचे सर्वात जास्त, १३ गोल या मिडफिल्डरने केले. एका पोराची जागा दहा पावलं सरकवली आणि त्याचा फायदा तिसऱ्याला झाला. मला तरी गार्डिओलाचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, १०० गुणांपेक्षाही.

दुसरी वेळ २०२४ ची, आणि तिथे ही युक्ती चालली नाही. सप्टेंबरात आर्सेनलविरुद्ध रोड्रीचा गुडघा गेला. ऑक्टोबरअखेर ते २६ डिसेंबर या काळात १३ सामन्यांत एकच विजय, ९ पराभव. नेदरलँड्सच्या फेयेनूर्डविरुद्ध ७५ व्या मिनिटापर्यंत ३-० पुढे होते, संपलं ३-३. जागा बरोबर होत्या, पण वय वाढलेले पाय त्या जागेवर वेळेत पोहोचत नव्हते. त्यामुळे या वेळी माणसंच बदलावी लागली. जानेवारीत मार्मूश आणि खुसानोव आले, मग निको गोन्झालेझ. खुसानोवच्या पहिल्याच सामन्यात, चेल्सीविरुद्ध, तिसऱ्या मिनिटाला त्याच्याच चुकीने गोल झाला. तरी पुढे त्याला संधी मिळत राहिली. मधल्या फळीतला निको ओराइली लेफ्ट बॅकला खेळला. मोसम ७१ गुणांवर, तिसऱ्या क्रमांकावर संपला. लगेच सगळं सुधारलं असं नाही, पण घसरण थांबली.

आता लांब बॉलचं. सप्टेंबर २०२५ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर याच गार्डिओलाने आघाडी घेतल्यावर संघ मागे खेचला, शेवटी बचावात पाच जण. बॉलचा ताबा जेमतेम ३३ टक्के, सामना १-१. म्हणजे गरज पडली तर तोही मागे थांबून बचाव करत खेळतो. पण तो त्या दिवसापुरता निर्णय होता. सोमवारी सरावाला आल्यावर पोरांना तेच शिकवायचं, असा त्याचा अर्थ नाही.

तुमच्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या मँचेस्टरला नाहीत. शालेय सामने ऐन पावसाळ्यात होतात. आपल्या काळ्या मातीत बॉल रुततो, मग दहा पावलांचा पासही अडकतो. अशा मैदानावर बॉल थोडा उचलून खेळण्यात कमीपणा नाही. आणि वयाच्या अटीमुळे दर वर्षी तुमचा एखादा रोड्री संघातून जातोच. यंदा कोण गेला? मधोमध उभा राहून बॉल वाटणारा पोरगा गेला असेल, तर पद्धतीला दोष देऊ नका, त्याची जागा भरा. नवीन पोराच्या हातून पहिल्या सामन्यात गोल गेला, तरी त्याला बाहेर बसवू नका.

दोष कुठे आहे ते असं शोधा. रेघेबाहेर एका पोराला वही देऊन बसवा. बॉल कुठे गेला, त्या वेळी दोन्ही बॅक कुठे होते आणि कितवं मिनिट होतं, एवढंच लिहायचं. बाहेरून सगळे ‘मांगे ये, मांगे’ ओरडत असतात, पण मागे नक्की कोण नव्हतं हे सामना संपल्यावर कुणालाच सांगता येत नाही. दोन्ही बॅक पुढे असताना गोल जात असतील तर एकाला आत थांबवा, कॅन्सेलोसारखा. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत जात असतील तर पाय थकतायत. मग बदली खेळाडू लवकर उतरवा आणि सराव उन्हाच्या आत, सकाळीच उरका.

दोन-तीन सराव सामन्यांची ती वही भरली की इथे टाका. कोणत्या पोराला कुठे उभं करायचं ते मग बोलू.