बालवाडीच्या शिक्षिकेने हाताने करायचं आर्ट ट्रेनिंग घ्यावं का? मला ड्रॉइंग अजिबात येत नाही, मग उपयोग होईल का?

ड्रॉइंग येत नाही म्हणताय ना ताई, मग तर घ्याच. मलाही येत नव्हतं, अजून येत नाही, आणि सोलापुरात पूर्व भागात चौदा वर्षं बालवाडी सांभाळली मी.

माझं ट्रेनिंग तीन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी सगळ्याजणी वही-पेन काढून बसलो तर मॅडमनी ते बाजूला ठेवायला लावलं आणि पुढ्यात मैद्याची शिजवलेली खळ ठेवली, चिमूटभर मीठ आणि खायचा रंग घातलेली. म्हणाल्या, बोटं बुडवा. माझा हातच पुढे जाईना. काय काढू, सँपल कुठाय? तेव्हा कळलं की मी रोज फळ्यावर घर-डोंगर-सूर्य काढून 'बघून काढा' म्हणते, म्हणजे पोरांचा हात पण असाच अडकत असणार. हे लेक्चर ऐकून कळलं नसतं.

परत आल्यावर वर्गात खळ केली. आमच्या निम्म्या पोरांच्या घरात कुणी ना कुणी मागावर, सुताला खळ लावतात तिथं, त्यामुळे त्यांना खळ म्हटल्यावर काही सांगावं लागलं नाही. संक्रांतीचे दिवस, पोरं नुकतीच गड्ड्यावरून, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून आलेली. एक साडेचार वर्षांचा मुलगा कागदावर खालून वर नुसत्या उभ्या रेघा ओढायला लागला. कागद संपला तरी थांबेना, शहाबादी फरशीवर हात पुरेल तिथपर्यंत ओढत गेला. "बाई, काठी अजून वर जायलीय!" नंदीध्वज होते ते, जत्रेत मिरवतात त्या उंच काठ्या. मोजल्या तर नऊ रेघा. खरे असतात सात, पण त्याला सात कुठं मोजता येत होते अजून.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. फरशी कोण पुसणार, आणि छापील पतंग रंगवायला दिलेले ते का झाले नाहीत? वर गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी मलाच अठ्ठावीस पतंग करायला लावले, घोटीव कागदाचे, खाली एकेका पोराचं नाव. दोन रात्री जागून केले मी. त्या मुलाची आई विड्या वळायचं काम सोडून आलेली, तिनं विचारलं तुझं कुठलं, तर तो नाव लिहिलेल्या पतंगाकडे बघून म्हणाला, "हे माझं नाही." मोठ्या बाईंचं म्हणणं एकच, पालकांना नीटनेटकं दिसायला लागतं, नाहीतर ॲडमिशन तुटतात. तेव्हा मी गप्प बसले. आज विचारलं असतं, बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डी गावात आदिवासी पोरांसाठी काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडे कुठले छापील पतंग होते? आजूबाजूची पानं, बिया, शिंपले हेच साहित्य. खोटं काम पोराच्या नावावर लावणं म्हणजे त्याला तुझं चालत नाही असं सांगणंच झालं.

तर फी भरण्याआधी एवढंच विचारा, तिथं तुम्ही स्वतः हात घालणार का तयार वस्तू करायला शिकवणार. थर्माकोलची फुलपाखरं असतील तर पैसे वाचवा. तीन वर्षांचं पोर गिरगोट्याच काढणार, चार-पाचचं डोक्यातूनच पाय फुटलेला माणूस काढणार, त्यावर आपला हात चालवायचा नाही. 'हे काय आहे' पण विचारू नका, 'सांग की मला याच्याबद्दल' म्हणा.

हां, तीसेक पोरं आणि मदतनीस नसेल तर रोज खळ जमत नाही, सहा-सहाचे गट पाडा, बाकीच्यांना माती नाहीतर सुताचे तुकडे द्या. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे बादली आणि ओली फडकी आधी भरून ठेवा. विडीच्या पानांचे तुकडे चिकटवायला बरे वाटतात पण घरातून आलेल्या पोत्यात तंबाखूची धूळ असते, ते नकोच.

आणि जमलं तर तुमच्या मुख्याध्यापिकेला पण त्याच ट्रेनिंगला न्या, मागं खुर्चीवर नाही, तुमच्या शेजारी खाली सतरंजीवर बसवा.