खाडीत प्रवाळ लावलं तर वाशीचं पाणी थांबेल का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की "प्रवाळ म्हणजे समुद्राने स्वतःच बांधलेला बांध, तो किनाऱ्यावरचा पूर अडवतो". ते एकच वाक्य होतं, पण त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून काय करावं हे विचारणाऱ्या ताईंनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं, सॉरी.

प्रश्न : आम्ही वाशीला राहतो, तळमजला. जुलैमध्ये जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की सोसायटीच्या गेटपर्यंत पाणी. प्रवाळ जर पूर अडवतं तर आपल्या खाडीच्या तोंडाशी ते लावत का नाहीत? परदेशात लावतात असा रील पाहिला. – एक वाचक, वाशी

दादा, चूक माझी आहे. मी "पूर" असा एकच शब्द वापरून मोकळी झाले, पण किनाऱ्यावर येणारं पाणी तीन तऱ्हेचं असतं. एक लाटेचं, एक भरतीचं आणि एक आभाळातून पडणारं. प्रवाळ यातल्या पहिल्याशी जबरदस्त भांडतं, दुसऱ्यापुढे त्याचं फारसं चालत नाही आणि तिसऱ्याशी त्याचा काही संबंधच नाही.

लाट खोल पाण्यातून येत असते तोवर तिला तळ जाणवत नाही, मजेत येते. पाणी उथळ झालं की तिचा खालचा भाग तळाला घासून मागे पडतो, वरचा पुढे धावतो आणि ती तोंडावर आपटते, जुहूला उभं राहून आपण तेच बघतो. आता समजा किनाऱ्यापासून शंभर मीटर नाहीतर एखादा किलोमीटर आत समुद्रातच एक कठडा आहे, त्याचा माथा पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली, तर लाट तिथेच फुटते आणि फुटून जे उरतं त्याला पुढे प्रवाळाच्या ओबडधोबड पठारावरून घासत घासत यावं लागतं. २०१४ मध्ये जगभरच्या मोजमापांचा एकत्र हिशोब झाला होता, त्यात निघालं की लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा प्रवाळ खाऊन टाकतं, आणि त्यातली बहुतेक एकट्या माथ्यावर, ८६ टक्के. ऊर्जा ही उंचीच्या वर्गाच्या हिशोबात चालते, त्यामुळे ऊर्जा ९७ टक्के गेली म्हणजे उंची साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. दोन मीटरची लाट, माणूस वाहून नेईल अशी, किनाऱ्याला येईपर्यंत गुडघ्याच्याही खाली.

म्हणून माथा महत्त्वाचा. २०१८ च्या एका अभ्यासात हिशोब केला की जगातल्या प्रवाळाचा फक्त वरचा एक मीटर झिजून गेला तर किनाऱ्यावरच्या पुराचं दरवर्षीचं नुकसान दुप्पट होईल. प्रवाळ पूर्ण नाहीसं व्हायला नकोच, एक मीटर पुरे. सगळ्यात जास्त फायदा ज्यांना होतो त्यात इंडोनेशिया, फिलिपिन्स, मलेशिया, मेक्सिको, क्युबा.

आता भरती. भरती आपटत नाही, ती सहा तास हळूहळू चढते आणि कठड्यावरून, बाजूने, फटीतून आत येते. कठड्याला आपटायला समोर काही असावं लागतं ना. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, ते प्रवाळ असो नसो चढणारच. आणि वाशीची गोष्ट तर आणखीच वेगळी. नवी मुंबईचे बरेच नोड, म्हणजे वाशीसारखे भाग, भराव टाकून वसवलेत आणि उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणून सिडकोने डच लोकांच्या पद्धतीने होल्डिंग पाँड, म्हणजे पाणी साठवायचे तलाव केले, त्याला झडपा लावल्या. ओहोटीला झडप उघडते, पाणी खाडीत जातं, भरतीला खाडीच्याच पाण्याच्या दाबाने झडप बंद होते आणि तेवढा वेळ शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबतं. छान युक्ती आहे, पण तलाव गाळाने भरला की थांबायला जागा उरत नाही. म्हणजे तुमच्या गेटवर येतं ते पाणी समुद्राचं नसून आपलंच असतं, बाहेर जायची वाट बंद झालेली असते एवढंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि वर भरती, तेव्हा काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

बरं, समजा कोणी हट्टाने खाडीत प्रवाळ लावलंच, तर ते आठवडाभरात मरेल. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारके बारके प्राणी असतात ते, चुन्याचं घर बांधणारे, आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं जे उन्हावर अन्न बनवून घरमालकाला भाडं देतं. त्यामुळे पाणी नितळ हवं, ऊन आत पोचायला हवं, धरायला टणक तळ हवा, खारटपणा फार बदलायला नको. ठाण्याच्या खाडीत गाळ, चिखल, नाल्याचं पाणी आणि चार महिने पावसाचं गोडं पाणी. एवढ्यात कोण जगणार? बाहेरच्या बाजूला, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर मात्र चिवट प्रवाळाच्या बारक्या वसाहती खरंच आहेत, कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये त्यातल्या १८ उचलून कुलाब्याला नेव्हीनगरकडे हलवल्या होत्या. पण त्यांनी लाट अडवावी अशी अपेक्षा म्हणजे गॅलरीतल्या तुळशीने सोसायटीला सावली द्यावी अशी अपेक्षा.

प्रश्न : सासूबाईंच्या अंगठीत मंगळासाठी पोवळं आहे. ते म्हणजे हेच प्रवाळ का? म्हणजे आपणच समुद्राचा बांध तोडून बोटात घालतो का? – घोडबंदर रोड, ठाणे

नाही हो, सासूबाईंना निवांत राहू दे. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या जागी, कपारीत वाढणारं, त्याच्या अंगात ते शेवाळ नसतं आणि ते बांध बिंध काही बांधत नाही. फार हळू वाढतं आणि फार ओरबाडलं गेलंय ही वेगळी गोष्ट. मंगळाचं काय ते तुमच्या गुरुजींना विचारा.

प्रश्न : माझं घणसोलीला टायरचं दुकान आहे. जुने टायर टाकायला जागा नाही. ते एकत्र बांधून समुद्रात टाकले तर कृत्रिम प्रवाळ तयार होईल, असा माझा प्रस्ताव आहे. कोणाला पाठवू? – एक व्यावसायिक

कोणालाच पाठवू नका. हा प्रयोग अमेरिकेत फ्लोरिडाला १९७० च्या दशकात झालाय, फोर्ट लॉडरडेलजवळ, थोडेथोडके नाही, सुमारे २० लाख टायर. कल्पना अगदी तुमचीच, कचरा पण जाईल आणि मासे पण येतील. टायर नायलॉनच्या पट्ट्यांनी आणि लोखंडी क्लिपांनी बांधले होते, खाऱ्या पाण्यात त्या गंजल्या तुटल्या, टायर सुटे झाले, वादळात इकडून तिकडे लोळायला लागले आणि शेजारच्या खऱ्याखुऱ्या प्रवाळावर जाऊन आपटले. टायरवर प्रवाळ काही नीट धरलं नाही. पाणबुडे लावून ते काढायचं काम वर्षानुवर्षं चाललंय.

कृत्रिम कठडा करायचाच तर वजनदार आणि न हलणारा हवा. आपल्याकडे त्याचं उदाहरण आहे, तामिळनाडूत मन्नारच्या आखातात. तिथे २१ बेटं होती. लोकांनी वर्षानुवर्षं चुन्यासाठी, बांधकामासाठी भोवतालचं प्रवाळ खणून नेलं आणि २ बेटं पाण्याखाली गेली. तुतिकोरीनजवळचं वान बेटही झिजत चाललं होतं तेव्हा त्याच्यासमोर काँक्रीटचे घडीव ठोकळे उतरवले, लाट तिथे मोडते आणि ठोकळ्यांवर प्रवाळही धरतं. मला या गोष्टीत सगळ्यात टोचतं ते हे, की आधी फुकटचा बांध खणून विकला आणि मग विकत आणून तोच परत बसवला.

मालदीवची राजधानी माले, तिथेही तेच. बेट मोठं करायला प्रवाळाच्या पठारावरच भराव टाकला, थेट कडेपर्यंत, मग लाटेला दमायला अंतरच उरलं नाही आणि १९८७ च्या मोठ्या लाटांत शहरात पाणी शिरलं. नंतर जपानच्या मदतीने टेट्रापॉडची भिंत उभी केली. मरीन ड्राइव्हला आपण ज्यावर बसून कणीस खातो तसलेच चौपायी ठोकळे.

प्रश्न : मी विमा एजंट आहे. प्रवाळाचा विमा निघतो असं ऐकलं, खरं का? का थट्टा? – ठाणे पूर्व

थट्टा नाही. मेक्सिकोचं किंताना रू राज्य, कानकूनचा भाग, तिथे किनाऱ्यालगत लांबच लांब प्रवाळ आहे आणि त्याच्या आडोशाला हॉटेलं. २०१९ मध्ये तिथे प्रवाळाची पॉलिसी निघाली. गंमत म्हणजे तिथे सर्व्हेयर येऊन नुकसान मोजत बसत नाही, ठरलेल्या पट्ट्यात वादळाचा वारा ठरलेल्या वेगाच्या वर गेला की क्लेम आपोआप लागू. (तुमच्या ग्राहकांना हे सांगू नका, सगळे तसलीच पॉलिसी मागतील.) ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा चक्रीवादळ आलं आणि सुमारे साडेआठ लाख डॉलर मिळाले. मग स्थानिक मच्छीमार, पाणबुडे वगैरे लोकांची आधीच तयार केलेली टोळी पाण्यात उतरली, तुटलेले तुकडे गोळा केले आणि परत चिकटवले. घाई असते यात, कारण तुकडे वाळूत लोळत राहिले की मरतात.

आणि विमा कंपनीला हे परवडतं कसं? २०१४ च्या ज्या अभ्यासाचं वर सांगितलं त्यातच खर्चही होता, उष्ण प्रदेशात कृत्रिम लाटरोधक बांध बांधायला मीटरमागे साधारण १९,८०० डॉलर, आणि प्रवाळ दुरुस्त करायला साधारण १,३०० डॉलर. पंधरापट फरक. फक्त पाणी तापत चाललंय ही मोठी अडचण, तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ हाकलून देतं आणि पांढरं पडतं, फार दिवस तसं राहिलं तर मरतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभर एकाच वेळी असं चाललंय हे जाहीर झालं, चौथ्यांदा. मेलेलं प्रवाळ लगेच कोसळत नाही, काही वर्षं लाट अडवत राहतं, पण वरून नवीन भर पडायची थांबते आणि झीज चालूच राहते. तिकडे समुद्र दरवर्षी तीन-चार मिलिमीटर चढतोय. याचा प्रीमियम कसा काढणार, तुम्हीच सांगा.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीपला जातोय. शोकेससाठी किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ आणलं तर चालेल ना, मेलेलंच असतं. – खारघर

नाही चालणार. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, जिवंत असो की मेलेलं. शिवाय ती बेटं पाण्याच्या वर जेमतेम एक-दोन मीटर आहेत आणि तिथली सगळी वाळू म्हणजे प्रवाळाचाच चुरा. यजमानाच्या घराची वीट कोणी आठवण म्हणून उचलून आणतं का? फोटो काढा. आणि पाण्यात उतरलात तर त्याच्यावर उभे राहू नका.

प्रश्न : माझं वय ७४. प्रवाळ बिवाळ आम्ही पाहिलं नाही. आमचा बापूस सांगायचा, बांधासमोरचं तिवर तोडलं तर बांधाला खांड जाणार. आता शिकलेली माणसं परदेशातलं सांगतात. बापूस सांगायचा ते शास्त्रात आहे का? – दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

काका, आहे. आणि वाशीच्या दादांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या पत्रात आहे.

प्रवाळ नितळ पाण्यात जे काम करतं तेच तिवर, म्हणजे खारफुटी, चिखलात करतं, फक्त पद्धत वेगळी. ओहोटीला चिखलातून वर आलेली ती बोटाएवढी श्वासमुळं, खोडं, फांद्या, या सगळ्यातून पाणी घुसताना त्याचा जोर जातो. मोजलेलं आहे, १०० मीटर रुंद खारफुटीतून जाताना लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी होते. एवढा मोठा फरक का, तर झाडं किती दाट, पाणी किती चढलेलं यावर ते ठरतं, पाणी शेंड्यापर्यंत गेलं तर मुळं काय अडवणार. वादळाने फुगून आलेलं पाणीसुद्धा ती थोडं उतरवतात, एक किलोमीटर रुंद जंगलामागे ५ ते ५० सेंटीमीटर. आणि गाळ धरून ठेवतात. मातीचा बांध मुख्यतः लाटेच्या माराने पायाशी पोखरला जातो, मग उधाणाच्या रात्री खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. बापूस नेमकं तेच सांगत होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या काळात नव्हती. तेव्हा तिवर बांधाच्या बाहेर असायचं आणि आत शेत, पाणी सोडायला बांधात उघाडी, म्हणजे दारं. आता होल्डिंग पाँडच्या आतच गाळ साचून तिवर उगवलंय. ते तोडायचं तर २०१८ च्या निकालाप्रमाणे हायकोर्टाची परवानगी हवी, नाही काढावं तर गाळ निघत नाही. तिवर वाचवणारी माणसं आणि तळमजल्यावरची माणसं एकमेकांना शिव्या देतात, मला दोघांचंही पटतं. माझं मत विचाराल तर खाडीच्या बाजूचं एकही झाड जाऊ नये, आणि पाँडच्या आत कुठलं झाड किती गाळ धरून बसलंय हे जागेवर जाऊन, मोजून, कोर्टापुढे ठेवावं. चाळीस फोटो आणि एक निवेदन यापेक्षा ते जड काम आहे.

तुमच्या गावची उघाडी कुठे होती, किती दारांची होती आणि उधाणाला ती कोण राखायचं, ते लिहून पाठवा काका. लिहायचा कंटाळा आला तर नातवाला रेकॉर्ड करायला सांगा. पुढच्या अंकात मी बटाट्याच्या आधी ते छापते.