दशावताराची १८ जीबीची फाइल आणि फुकटची कात्री

म्हणजे प्रश्न असा: गावच्या दहीकाल्याचं, म्हणजे रात्रीच्या दशावतारी खेळाचं, नाटक तुम्ही कॅमेऱ्यावर पूर्ण घेतलंत. चार तास, १८ जीबी. आता ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचंय, मस्कतच्या भावालाही पाठवायचंय, आणि तुकडे करायला फुकट सॉफ्टवेअर हवंय. शोधल्यावर जे पहिलं हाताला लागलं त्याने प्रत्येक तुकड्यावर मधोमध स्वतःचं नाव छापलं.

शेवटचं वाचून हसू आलं, कारण त्या वाटेने मीही गेलोय. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं चित्रण असंच एका 'फ्री' सॉफ्टवेअरने कापलं होतं. दोन तास संगणक घरघरत होता. तयार झालेल्या फाइलीत ओवाळणीच्या ताटावर कंपनीचं नाव, आणि चित्र मूळपेक्षा धूसर. ते जाण्यासाठी पैसे भरा म्हणे. 'फ्री ट्रायल' आणि 'फुकट' यांतला फरक त्या दिवशी समजला. तेव्हापासून मी फक्त मुक्त स्रोताची, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, साधनं वापरतो. ती खरोखर फुकट असतात आणि शिक्का मारत नाहीत.

पण सॉफ्टवेअरची नावं सांगण्याआधी तुमच्या फाइलीचा हिशोब करू, कारण १८ जीबी फक्त कापून तुमचं काम होणार नाही.

चार तास म्हणजे १४,४०० सेकंद. १८ जीबीला त्याने भागलं की सेकंदाला साधारण १० मेगाबिट येतात. हा झाला तुमचा बिटरेट. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणजे एका तुकड्यात जेमतेम २६ मिनिटं. बिटरेट कमीजास्त होतो म्हणून हात राखून २० मिनिटं धरा. दीड जीबीचे बारा तुकडे होतील. आता गावातल्या माणसाचा विचार करा. त्याचा दिवसाचा डेटा बहुधा तेवढाच, दीड जीबी. तुमचा एक तुकडा उतरवला की त्याचा दिवसभराचा इंटरनेट संपला. बारा दिवसांत तो एक नाटक बघणार! फोनची साठवण भरते ते वेगळंच. आणि तुमच्या बाजूला, घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल तर १८ जीबी वर चढायलाच आठ तास लागतील. नाटकापेक्षा दुप्पट.

तेव्हा माझ्या मते आधी फाइल लहान करा, मग कापा. मूळ १८ जीबी मात्र हार्ड डिस्कवर जशीच्या तशी ठेवा, तिला हात लावू नका.

लहान करायला हँडब्रेक. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फाइल आत ओढा, ७२० ओळींचा तयार प्रीसेट निवडा आणि व्हिडिओच्या पानावर सरासरी बिटरेट १,५०० ठेवा, तो किलोबिटमध्ये असतो. आवाज १२८ पुरे. पायपेटी, पखवाज आणि झांज एकदम वाजतात तिथे त्याहून खाली गेलात तर झांजेचा पत्रा होतो, म्हणून आवाजात कंजुषी करू नका. चार तासांची फाइल २.७ जीबी आणि वर थोडा आवाज, म्हणजे तीनच्या आत बसेल. जुन्या लॅपटॉपवर याला बरेच तास लागतील. रात्री लावून झोपा.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. रात्रीचं चित्रण दाणेदार असतं. मंडपाच्या कडेचा अंधार आपल्याला काळा दिसतो, संगणकाला तो लाखो वळवळणारे ठिपके दिसतात, आणि तो प्रामाणिकपणे ते ठिपके जपत बसतो. सगळे बिट तिथे खर्ची पडतात आणि राजाच्या चेहऱ्याला कमी उरतात. हँडब्रेकच्या फिल्टरच्या पानावर डीनॉइझ, म्हणजे हे दाणे पुसायची सोय, आहे, ते हलक्या पायरीवर लावा. जोरात लावलंत तर रंगवलेले चेहरे मेणाचे दिसतील. पूर्ण फाइलवर चालवण्यापूर्वी दोन मिनिटांचा नमुना काढून बघा.

आता कापणं. इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. एक पूर्ण चित्र असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि त्यापुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे 'मागील पानावरून पुढे चालू'. अशी पूर्ण चित्रं कधी दर सेकंदाला, कधी काही सेकंदांनी एकदा येतात. मधूनच कापलं तर नव्या तुकड्याला मागचं पान नसतं, मग सुरुवातीला काळा पडदा, गोठलेलं चित्र किंवा नुसता आवाज मिळतो. माझ्या त्या सॉफ्टवेअरने यावर सोपा उपाय काढला होता: सगळं पुन्हा नव्याने एन्कोड करायचं, म्हणजे प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा आवळायचं. म्हणून दोन तास, आणि म्हणून धूसर. खरी कात्री डेटाला हात न लावता कीफ्रेमवर कापते. तिला वेळ लागतो फाइल कॉपी करण्याइतका, आणि दर्जा काडीचाही घटत नाही.

असं काम करणारं माझं आवडतं साधन लॉसलेसकट. आतून ते एफएफएमपेग वापरतं. व्हिडिओची निम्मी दुनिया ज्याच्यावर चालते ते हे इंजिन फाब्रिस बेलारने २००० साली सुरू केलं. थेट एफएफएमपेगही वापरता येतं, पण काळ्या खिडकीत आज्ञा टंकाव्या लागतात, तुम्हाला त्यात पडायची गरज नाही. लॉसलेसकट गिटहब या मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरांच्या साइटवरच्या त्याच्या पानावरून घ्या, तिथे फुकट मिळतं. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलच्या स्टोअरमध्ये तेच विकत ठेवलंय, बनवणाऱ्याला हातभार म्हणून. परवडत असेल तर जरूर द्या, पण ते ट्रायल नाही आणि कुठेही शिक्का मारत नाही.

वापर सोपा. फाइल ओढून टाका, जिथे तुकडा पाडायचा तिथे थांबा आणि कीबोर्डवर 'बी' दाबा. पुढे जा, पुन्हा 'बी'. उजव्या बाजूला तुकड्यांची यादी तयार होत जाते. शेवटी एक्स्पोर्ट. खालच्या पट्टीत कीफ्रेम कट आणि नॉर्मल कट अशी अदलाबदल आहे, ती कीफ्रेमवर ठेवा. तुकडा तुम्ही म्हणालात त्यापेक्षा काही सेकंद आधी सुरू होईल, म्हणजे मागच्याचं शेपूट पुढच्यात दिसेल. ते चालतं. वाक्य तुटण्यापेक्षा दोनदा ऐकू आलेलं बरं.

ठरावीक मिनिटांचे समान तुकडे आपोआप पाडायची सोय सेगमेंटच्या मेनूत आहे. पण कृपा करून दशावताराला ती लावू नका. नाटकाला स्वतःचे सांधे आहेत: गणपतीचं आवाहन, रिद्धी-सिद्धी, भटजी, संकासुर, मग आख्यान, आणि आख्यानातले प्रवेश. संकासुर बोलता बोलता विसाव्या मिनिटाला तुटला आणि त्याचा शेवट दुसऱ्या फाइलीत गेला, तर ग्रुपवर तो शेवट कोणी उघडणारसुद्धा नाही. पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, एक तुकडा करा, आख्यान प्रवेशागणिक कापा. पडद्यामागे पखवाज एकटा चालू असतो ती जागा कापायला उत्तम. कुठला तुकडा दहा मिनिटांचा होईल, कुठला पस्तीसचा. होऊ द्या. वर सांगितलेल्या बिटरेटला वीस मिनिटं सव्वादोनशे एमबी होतात, आवाज धरून अडीचशेच्या आत. मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

फाइलींना ०१, ०२ असे आकडे आधी लावा, नाव नंतर. नाहीतर ग्रुपवर राक्षस आधी मरतो आणि मग प्रवेश करतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना गॅलरीतून व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून दिलं की व्हॉट्सॲप स्वतःहून आणखी चेचतं आणि तुमची रात्रभरची मेहनत वाया जाते.

लॉसलेसकट नको वाटलं तर एमकेव्हीटूलनिक्स आहे. आउटपुटच्या पानावर स्प्लिटिंगमध्ये आकाराने, वेळेने किंवा तुम्ही दिलेल्या वेळांवर तुकडे पडतात, आणि दर्जा तसाच राहतो. पण फाइल एमकेव्ही होते, ती काही फोन स्वतःहून चालवत नाहीत, समोरच्याला व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं ॲप घ्यायला सांगावं लागतं. एव्हीडेमक्स जुनं आणि चांगलं आहे, फक्त एकेक तुकडा हाताने काढावा लागतो. मॅकवाल्यांना एखाददुसऱ्या कापासाठी क्विकटाइम पुरतं.

कॅमेऱ्यातूनच चार-चार जीबीच्या पाच फाइली निघाल्यात असं तुम्ही पुढे लिहिलंय. तो बिघाड नाही. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून कॅमेरा स्वतःच तोडतो, कुठेही. या फाइली आधी लॉसलेसकटच्या मर्जने जोडून एक करा, मग हँडब्रेक, मग कापणं. पेनड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल तर कारण तेच. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवून.

तुमच्या प्रश्नावर दुसऱ्या कोणीतरी सेव्हन-झिप हे फाइली आवळणारं सॉफ्टवेअर सुचवलंय. उपाय चुकीचा नाही, पण काम वेगळं आहे. सेव्हन-झिप फाइलीच्या फाका करतं, त्यातली एक फाक एकटी उघडत नाही. सगळ्या एका फोल्डरमध्ये आणून ००१ पासून जोडाव्या लागतात, आणि एक राहिली तर सगळं वाया. आत्याला हे फोनवर समजावून सांगायची माझी तरी हिंमत नाही. मात्र मूळ १८ जीबी जशीच्या तशी एखाद्या जाणकाराला द्यायची असेल तर तेच वापरा. कॉम्प्रेशन 'स्टोअर'वर ठेवा, कारण व्हिडिओ आधीच आवळलेला असतो, झिपून लहान होत नाही. फाका १,८०० एमबीच्या करा. टेलिग्रामवरही फुकट खात्याला एका फाइलीची मर्यादा २ जीबीच आहे. गूगल ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी मेल आणि फोटोंसकट असतात, तिथे तुमची मूळ फाइल मावतच नाही.

मस्कतच्या भावासाठी तर कापाकापीची गरजच नाही. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवून दुवा द्या. खातं फोन नंबरने पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांच्या वर घेत नाही. पडताळलं की १२ तासांपर्यंत चालतं. खाली वर्णनात वेळा लिहिल्या तर त्याला थेट संकासुरावर उडी मारता येईल. अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे, ज्याच्या हाती दुवा पडेल तो बघू शकतो. म्हणून टाकण्याआधी नाटक कंपनीच्या मालकांना एक फोन करा. त्यांचं पोट याच खेळांवर आहे, आणि अख्खा ट्रिकसीन, म्हणजे रंगमंचावरच्या करामतींचा प्रवेश, फुकट फिरू लागला तर त्यांना काय वाटेल ते त्यांनाच विचारलेलं बरं. बहुतेक जण अर्धा तास टाकायला आनंदाने हो म्हणतात.

गावातल्या ज्या घरांत नेट नीट चालत नाही, तिथे पेनड्राइव्ह. कोणीतरी कोकणकन्येने जातच असतं.

हँडब्रेकने बिटरेट कमी करूनही फाइल तीन जीबीच्या वर गेली, किंवा आवाज ओठांच्या मागे पडायला लागला, तर कॅमेऱ्याचं मॉडेल आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, इथे लिहा. फोनवरच्या चित्रणात फ्रेमरेट बदलता असतो, तिथे हँडब्रेकमध्ये तो स्थिर करून घ्यावा लागतो. कॅमेऱ्याला सहसा लागत नाही.