मित्राने नाशिकच्या हायवेवर बाइक १८० ला नेली, हा विक्रम धरतात का?

नाही हो. आडगावच्या पुढे काटा १८० ला टेकलाही असेल, पण काटा म्हणजे पुरावा नव्हे. तो मुळातच थोडं जास्त दाखवतो.

विक्रमासाठी एकाच पट्ट्यावर एकदा जायचं आणि दोन तासांच्या आत उलट दिशेने यायचं, मग सरासरी काढतात. कारण वारा. त्र्यंबक रोडला सायकल मारणाऱ्यांना हे सांगायला नको: एका बाजूने फुकट पळते, दुसऱ्या बाजूने फेस येतो.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉकी रॉबिन्सनने ताशी सुमारे ६०५ किमी सरासरी गाठली. त्याच्या 'अ‍ॅक अटॅक' या गाडीत सुझुकीच्या हायाबुसा बाइकची दोन टर्बो इंजिनं, चालवणारा आत जवळजवळ आडवा, थांबायला पॅराशूट. दोन चाकं आहेत म्हणून बाइक म्हणायची, एवढंच! मिठावर मागचं चाक घसरतं, त्यामुळे चाकाच्या फेऱ्यांवर भरवसा नाही. ठरावीक अंतर कापायला लागलेली वेळच मोजतात.

मित्राला हौसच असेल तर कोईमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर पाठवा. आपल्या हायवेवर समोरून राँग साइडने द्राक्षांचा पिकअप कधी येईल, नेम नाही.