कयाकवर मरीन रेडिओ: पल्ला किती, ठेवायचा कुठे?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे चौघे हिवाळ्यात मालवणला कयाक घेऊन जातो. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत असतोच. आता हातात धरायचा मरीन रेडिओ घेतोय. दुकानदार म्हणतो, ३० किलोमीटर पोहोचतो. खरं आहे का?

उत्तर : कयाकमध्ये बसून ३० किलोमीटर विसरा. मरीन रेडिओ ज्यांवर चालतो त्या व्हीएचएफ लहरी साधारण क्षितिजापर्यंतच जातात. तुमचा अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच, म्हणजे त्याचं क्षितिज सुमारे ४ किलोमीटरवर. दोन कयाकमध्ये कागदावर ८ किलोमीटर होतात, पण लाटेच्या खळग्यात बसलात की त्याहून बरेच कमी. ४ मीटर उंच अँटेनाच्या मच्छीमार बोटीपर्यंत आवाज सुमारे १२ किलोमीटर जाईल. वॅट वाढवून क्षितिज लांब जात नाही, उंचीने जातं. म्हणून बोलताना रेडिओ तोंडासमोर, अँटेना सरळ उभा धरा.

तरीही रेडिओ घ्याच. ओल्या बोटांना मोबाइलची स्क्रीन दाद देत नाही, आणि फोन एकालाच लागतो. चॅनेल १६ वरची, म्हणजे समुद्रावर संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या चॅनेलवरची, हाक आसपास तो चॅनेल लावलेल्या सगळ्यांना ऐकू जाते. मोबाइलवर तटरक्षक दलाचा १५५४ मात्र साठवून ठेवा. रेडिओला वायरलेस परवाना लागतो, तेही आधी बघा.

रेडिओ लाइफ जॅकेटवर, छातीशीच हवा. हॅचमध्ये, म्हणजे कयाकच्या झाकणबंद कप्प्यात, ठेवलात आणि कयाक उलटली, तर वारा ती घेऊन जाईल आणि तुम्ही पाण्यात राहाल. तरंगणारा रेडिओही असाच वाहून जातो, म्हणून हातभर दोरीने जॅकेटला अडकवा. बोलायचं बटण पट्ट्याखाली दाबलं जात नाही ना, हेही तपासा. ते दबून राहिलं तर बॅटरी उतरते आणि तो चॅनेल इतरांसाठी बंद होतो.

प्रश्न : संकटात नेमकं काय बोलायचं?

उत्तर : 'मेडे' ही जिवावरच्या संकटाची आंतरराष्ट्रीय हाक, जीव धोक्यात असेल तरच द्यायची. चॅनेल १६, पॉवर ५ वॅट. बटण दाबून सेकंदभर थांबा, नाहीतर पहिला शब्द तुटतो. मग : "मेडे, मेडे, मेडे. कयाक सागर, कयाक सागर, कयाक सागर. मेडे, कयाक सागर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला दोन किलोमीटर. कयाक उलटली, एक माणूस पाण्यात, तातडीने मदत हवी. एकूण चार जण, सगळ्यांना लाइफ जॅकेट. ओव्हर." बटण सोडा, नाहीतर उत्तर ऐकूच येणार नाही. आवाज घोगरा आला तर स्पीकरच्या जाळीत पाणी आहे. रेडिओ पालथा करून झटका. उत्तर आलं नाही तर पुन्हा तेच, शब्दन् शब्द.